बाबेलच्या पाठशाळेतील दानीएल

वाचनाचा भाग : दानीएल, अध्याय १, व अध्याय ६, ओवी १०

दानीएलाचे पुस्तक उघडले म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे सिंहांची गुहा उभी राहते. शब्बाथशाळेच्या भिंतीवर लहानपणी पाहिलेले चित्र मनातून जात नाही. परंतु प्रिय वाचकहो, गुहेत टाकला गेलेला दानीएल हा वृद्ध झालेला दानीएल होय. तोवर त्याची सारी हयात परमुलखात गेली होती. पहिल्या अध्यायात जो आपणांस भेटतो तो विद्यार्थी आहे. त्यास आपल्या माणसांपासून दूर एका मोठ्या शहरी नेले आहे. त्याच्या राहण्याजेवणाची व्यवस्था दुसऱ्यांच्या हाती आहे. तीन वर्षांचा अभ्यास नेमून दिला आहे, शिकण्याची भाषा घरची नव्हे, आणि अखेरीस परीक्षा आहे. परीक्षक तर प्रत्यक्ष राजा. जून महिन्यात ज्यांच्या घरून मुलगा किंवा मुलगी पेटी व वळकटी घेऊन पुण्यास, मुंबईस, नाशकास किंवा कोल्हापुरास शिकण्यासाठी निघते, त्यांनी हा अध्याय आपल्याच घरची हकीगत म्हणून वाचावा.

दानीएलाने काय नाकारले हे आपण नेहमी सांगतो. त्याने काय पत्करले हे मात्र आधी पाहिले पाहिजे. खास्दी लोकांची विद्या व भाषा त्याने शिकून घेतली. त्या विद्येत ताऱ्यांवरून भविष्य सांगणे व शकुन पाहणे हेही होते. बाबेलात सापडलेल्या मातीच्या विटांवरील लेखांवरून ते स्पष्ट झाले आहे. तरी देवभिरू मुलाने असल्या पाठशाळेत बसू नये असे दानीएलाने म्हटले नाही. उलट सतराव्या ओवीत सांगितले आहे की त्या चौघां तरुणांस सर्व विद्येत प्रवीणता मिळाली ती देवाकडून. आणि विसाव्या ओवीत ते परीक्षेत इतरांहून दसपट सरस ठरले. कॉलेजात गेला की पोरगा हातचा गेला, असे म्हणणारे वडीलधारे आमच्या परिचयाचे आहेत. त्यांनी ह्या दोन ओव्या सावकाश वाचाव्यात.

आणखी एक गोष्ट त्याने सोसली, ती म्हणजे नाव. 'दानीएल' ह्या नावात देव आपला न्यायाधीश आहे असा अर्थ आहे. ते काढून त्यास बेलट्शस्सर हे नाव दिले गेले, आणि ते राजाच्या दैवताच्या नावावरून होते, असे राजाच पुढे चौथ्या अध्यायात सांगतो. दानीएलाने ह्या नावाविषयी तक्रार केल्याचे कोठे लिहिलेले नाही. राजवाड्यात एक नाव, सोबत्यांत दुसरे. असे त्याचे दिवस गेले.

ह्या ठिकाणी आपल्या मंडळ्यांतील एका दुखऱ्या गोष्टीस हात घालणे भाग आहे. १९५० साली राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेविल्या गेल्या. पुढे १९५६ साली शिखांचा व १९९० साली बौद्धांचा त्यात समावेश झाला. ख्रिस्ती लोकांचे नाव त्यात आले नाही. ह्यामुळे पुष्कळ घरांत काय होते हे सर्वांस ठाऊक आहे. देवळाच्या नोंदवहीत मुलाचे एक नाव व एक धर्म, शाळेच्या दाखल्यावर दुसरे. मुलगा कॉलेजात पाऊल ठेवितो तोच मुळी दोन नावांनिशी. मग वसतिगृहात कोणी विचारले, तू रविवारी कोठे जातोस, तर तो खाली पाहतो. शिष्यवृत्ती जाईल ह्या भीतीने तो देवळाच्या रस्त्यानेही जात नाही. विद्यार्थ्यांमध्ये सेवा करिताना असे तरुण आम्हांस वारंवार भेटले. त्यांतील काहींच्या डोळ्यांतील शरम आम्ही विसरलो नाही.

दुसऱ्याने दिलेले नाव सोसणे व आपल्या हाताने खोटे लिहून देणे ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दानीएलाने पहिली केली. दुसरी केली नाही, आणि आपला देव कोण हे त्याने कोणापासून लपविलेही नाही. म्हणून खोटी सही चांगली असे आम्ही म्हणणार नाही. परंतु मंडळीतील वडिलांनी मुलास बोल लावण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःस विचारावा : त्याने खरे लिहिले असते तर त्याची फी कोणी भरली असती? घंटेसाठी व देवळाच्या रंगासाठी वर्गणी काढिलेल्या मंडळ्या आम्हांस माहीत आहेत. एका मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी वर्गणी काढिलेली मंडळी शोधावी लागते. ज्याच्या बापाची जमीन दीड एकर कोरडवाहू आहे त्याच्यापुढे हा प्रश्न पुस्तकातला नसतो.

आता नाकारण्याची गोष्ट. विद्या घेतली, नाव सोसले, आणि आठव्या ओवीत दानीएल थांबतो तो जेवणाच्या ताटापाशी. राजाचे मिष्टान्न व द्राक्षारस घ्यावयाचा नाही असा त्याने मनाशी निश्चय केला. ह्याच जागी का, ह्याविषयी टीकाकारांनी पुष्कळ लिहिले आहे. ते अन्न मूर्तींस वाहिलेले असावे, किंवा नियमशास्त्राप्रमाणे अशुद्ध असावे. आमचे लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे जाते. ताट दिवसातून दोनतीनदा समोर येते. मोठ्या सभेत उभे राहून एकदा साक्ष देणे त्या मानाने सोपे. ह्या तरुणाने आपल्या विश्वासाची रेघ ओढली ती रोजच्या व्यवहारात, जेथे दुसऱ्या कोणाचे लक्षही गेले नसते.

आणि ती कशी ओढली तेही पाहा. त्याने ताट भिरकाविले नाही. सरदारापाशी विनंती केली. सरदारास आपल्या डोक्याची भीती होती. ती भीती दानीएलाने समजून घेतली, व कारभाऱ्याकडे जाऊन दहा दिवसांची मुदत मागितली. शाकभाजी व पाणी द्या, मग आमची तोंडे पाहा. पुष्कळ नव्या विश्वासी तरुणांस वाटते की खोलीतील सोबत्यांशी भांडण झाले नाही तर साक्ष झाली नाही. दानीएलाची रीत तशी नव्हती. शिवाय बाराव्या ओवीत तो एकट्यापुरते बोलत नाही; चौघे मिळून बोलतात.

आमची काही वर्षे शहरातील वसतिगृहांतून विद्यार्थ्यांबरोबर बसण्याउठण्यात गेली. तेव्हाचा अनुभव सांगावयाचा तर, एखाद्या प्राध्यापकाच्या व्याख्यानाने ज्याचा विश्वास ढळला असा विद्यार्थी आम्हांस क्वचितच भेटला. बहुतेकांचा विश्वास पहिल्या महिन्यातील रविवारी सुटला, आणि तोही कोणी हिसकावून न घेता. रविवारी सकाळी नळास पाणी येते तेव्हा आठवड्याचे कपडे धुवावयाचे असतात. देऊळ कोणत्या गल्लीत आहे हे ठाऊक नसते. ठाऊक झाले तरी तेथील लोकांचे कपडे पाहून खेड्यातील मुलगा दाराशीच घुटमळतो. पुढच्या रविवारी तो जात नाही. दिवाळीच्या सुटीत घरी येतो तेव्हा आपण त्यास प्रार्थना करावयास सांगतो. तो करितोही, कारण शब्द पाठ असतात.

जे टिकले ते कसे टिकले? एका खोलीत चार खाटा. त्यांत गुडघे टेकावयास लाज वाटे, म्हणून एक मुलगी पहाटे जिन्याच्या पायरीवर शास्त्र घेऊन बसे. महिनाभराने खोलीतील दुसरीने तिला सांगितले की तू उठतेस तेव्हा मलाही हाक मार, माझी परीक्षा आहे. मग दोघी बसू लागल्या, एक शास्त्र घेऊन व एक रसायनाचे पुस्तक घेऊन. दुसऱ्या ठिकाणी मुलांची खाणावळ रविवारी संध्याकाळी बंद असे. त्या वेळी सगळेच भुकेले व एकटे असतात, हे ओळखून दोघांतिघांनी एका खोलीत खिचडी शिजविण्यास आरंभ केला. जेवण झाले की एक अध्याय वाचावयाचा, एकमेकांच्या अडचणी विचारावयाच्या, प्रार्थना करून उठावयाचे. त्यांच्यापाशी वाद्य नव्हते की वक्ता नव्हता. आपल्या देशात विद्यार्थ्यांसाठी १९१२ साली स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंट व १९५४ साली युनियन ऑफ इव्हँजेलिकल स्टुडंट्स ऑफ इंडिया स्थापन झाली. त्यांच्या कामाचा मोठा भाग अशाच लहान बैठकींत आहे, परिषदांत नव्हे.

अशा बैठकीस कोणी हलके समजू नये, कारण आपल्या मराठी मंडळ्यांचे मूळ शोधीत गेले तर तेही विद्यार्थ्यांच्या बैठकीपाशी सापडते. अमेरिकेतील मॅसाच्युसेट्स प्रांतात विल्यम्स कॉलेज आहे. १८०६ च्या ऑगस्ट महिन्यात तेथील पाच विद्यार्थी नेहमीप्रमाणे शिवारात प्रार्थनेसाठी गेले असता वादळी पाऊस आला, आणि त्यांनी गवताच्या गंजीचा आसरा घेतला. गंजी म्हणजे काय हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. पावसात तिच्या आडोशास बसण्याचा प्रसंग प्रत्येकास आलेला असेल. तेथे आशिया खंडास सुवार्ता कशी पोहोचेल ह्याविषयी बोलणे निघाले. सॅम्युएल मिल्स म्हणाला की आपणच जावे. हार्वे लूमिस ह्यास ते पटले नाही. ते देश आधी सुधारू द्यावे असे त्याचे मत होते. बाकीच्यांनी प्रार्थना केली. त्याच कॉलेजात गॉर्डन हॉल नावाचा विद्यार्थी होता. ह्या तरुणांच्या आग्रहातून १८१० साली अमेरिकन बोर्ड निघाले, व १८१३ च्या फेब्रुवारीत हॉल व सॅम्युएल नॉट हे मुंबईस उतरले. हॉलसाहेब मराठी शिकून तेरा वर्षे राबले व १८२६ साली नाशिककडील फेरीत पटकीने वारले.

गंजीखालच्या पाचांचे पुढे काय झाले हेही जाणण्याजोगे आहे. आशियात मिशनरी होऊन आला तो एकटा जेम्स रिचर्ड्स, व तोही सिलोनात. ज्याने गोष्ट काढिली तो मिल्स आफ्रिकेहून परतताना १८१८ साली समुद्रावर वारला. लूमिस स्वदेशीच पाळक झाला. बायरम ग्रीन राजकारणात पडून अमेरिकन काँग्रेसचा सभासद झाला. ती जागा १८५४ साली त्यानेच दाखवून दिली, म्हणून आज तेथे स्मारक आहे. तेव्हा कॉलेजात प्रार्थना करणारा प्रत्येक मुलगा पाळक झालाच पाहिजे असे कोणी धरून बसू नये. शेतकी खात्यात किंवा बँकेत गेला म्हणून त्याची प्रार्थना वाया गेली असे होत नाही.

आता सहाव्या अध्यायाची दहावी ओवी वाचा. राजाज्ञा निघाली हे कळूनही दानीएल आपल्या माडीवर जातो. यरुशलेमेकडील खिडक्या उघड्या आहेत. दिवसातून तीनदा गुडघे टेकतो, आणि हे सर्व पूर्वीप्रमाणेच, असे शास्त्र म्हणते. गुहेची आज्ञा झाली त्या दिवशी त्याने नवे काही केले नाही. तरुणपणी ताटापाशी जे सुरू झाले तेच चालू होते.

त्या खिडकीविषयी आम्हांस विशेष वाटते. दानीएलाने यरुशलेमेकडे पाहिले तेव्हा तेथे मंदिर उद्ध्वस्त होते. आपल्या मुलांच्या खिडकीतून दिसणारे खेडे तर उभे आहे, देऊळ उभे आहे, उपदेशक जिवंत आहे. मग त्या बाजूने कोणी पाहते काय? पुष्कळ उपदेशक बंधू आम्हांस म्हणतात, आम्ही सातवी शिकलेले, पदवीच्या मुलाशी काय बोलणार? बंधूंनो, त्यास तुमच्याकडून तत्त्वज्ञान नको असते. शेळी व्याली, आजीचा गुडघा दुखतो, मंडळीने काल तुझे नाव घेऊन प्रार्थना केली, एवढे बोलावे. रॉबर्ट वाइल्डर हे १८६३ साली आपल्या कोल्हापुरात मिशनरी आईबापांच्या पोटी जन्मले. पुढे ते प्रिन्स्टन येथे शिकत असता विद्यार्थी त्यांच्या घरी प्रार्थनेस जमत, तेव्हा त्यांची बहीण ग्रेस शेजारच्या खोलीत त्याच गोष्टीसाठी प्रार्थना करीत असे. १८८६ साली माउंट हर्मन येथे २५१ विद्यार्थी जमले, व त्यांतील १०० जणांनी परदेशी सेवेसाठी आपणांस वाहिले. ग्रेसचे नाव त्या शंभरांच्या यादीत नाही. तिची प्रार्थना मात्र त्यांच्या आधीपासून चालू होती.

उपदेशक बंधूंनी हा पाठ घेतल्यावर एक वही करावी. आपल्या गावाहून शिकावयास गेलेल्या प्रत्येक मुलामुलीचे नाव, कॉलेज, वसतिगृह व मोबाईलचा क्रमांक तीत लिहावा. त्या शहरातील पाळकसाहेबांस आधीच कळवावे, म्हणजे पहिल्या रविवारी देवळाच्या दाराशी कोणीतरी त्या मुलाची वाट पाहत उभे राहील. शक्य तर वडिलांपैकी एकाने स्वतः जाऊन त्यास तेथवर पोहोचवावे. एस. टी. चे भाडे मंडळीच्या पेटीतून द्यावे. फोन करावयाचा तो रविवारी संध्याकाळी सातच्या सुमारास करावा. त्या वेळी खाणावळ बंद असते.