मोटारीच्या दाराची काच

पूर्वी मोटारीच्या दाराला आतून एक दांडा असे. दांडा फिरवला की काच वर जाई, उलटा फिरवला की खाली येई. आता बहुतेक गाड्यांत दांडा गेला आणि त्याच्या जागी बटण आलं. सोय मोठी झाली, पण एक अडचणही झाली. दांडा बिघडला तर हाताला कळत असे. बटण दाबून काच हलली नाही, तर माणूस नुसता बटणाकडे बघत बसतो.

आता खेडोपाडी गाड्या आल्या आहेत. कुणी जुनी गाडी विकत घेतो, कुणी वडापची जीप चालवतो. जुन्या गाडीत काचेची तक्रार हटकून निघते. मालक गाडी तालुक्याला गॅरेजात नेतो. मिस्त्री म्हणतो, "मोटर गेली." मालक मान डोलावतो आणि पैसे मोजतो. मोटर खरंच गेली होती का, हे त्याला ठाऊक नसतं. सगळे मिस्त्री लबाड असतात, असं आमचं म्हणणं नाही. पुष्कळ जण प्रामाणिक असतात. पण बैल कुठल्या पायानं लंगडतो हे ज्याला सांगता येतं, त्याच्या बैलाला औषध लवकर मिळतं.

तर दाराच्या आत काय असतं, ते आधी पाहू.

विहिरीवरचा रहाट आठवा. वर चाक, चाकावर दोर, दोराला बादली. चाक फिरलं की बादली वर येते. दारातली काच म्हणजे ती बादली समजा. काच खालच्या अंगाला क्लिपांनी धरलेली असते. त्या क्लिपांना बारीक तारेचा दोर जोडलेला असतो. हा दोर एका लहान चाकावर गुंडाळला जातो आणि ते चाक फिरवते एक विजेची मोटर. या सगळ्या जुळणीला गॅरेजात 'रेग्युलेटर' म्हणतात. कोणी नुसतं 'काचेचं मशीन' म्हणतात. काही गाड्यांत दोराऐवजी कात्रीसारख्या लोखंडी पट्ट्या असतात. काम तेच. काच दोन्ही बाजूंनी रबराच्या खाचेतून सरकते. वीज येते बॅटरीतून. वाटेत फ्यूज लागतो, मग बटण लागतं. बिजागरीपाशी या तारा रबराच्या नळीतून दारात शिरतात.

आता बिघाड कसा ओळखावा? चावी फिरवून वीज चालू करा आणि बघा.

सगळ्याच काचा बंद पडल्या आहेत काय? मग चारही मोटरी एकदम मेल्या, असं होत नाही. फ्यूज उडाला असेल, किंवा वीज जिथून चौघींना वाटली जाते तिथं दोष असेल. मागच्या काचा त्यांच्या बटणांनी हलत नाहीत, पण ड्रायव्हरच्या दारावरच्या बटणांनी हलतात, असं असेल तर काहीच बिघडलेलं नाही. ड्रायव्हरच्या हाताशी एक कुलपाचं बटण असतं. मागं बसलेल्या पोरांनी काचांशी खेळू नये म्हणून ते दिलेलं असतं. कुणाचा तरी हात लागून ते दाबलं जातं. पुन्हा दाबा, काम झालं. एवढ्यासाठी तालुक्याला जाऊ नये.

एकच काच बंद असेल, तर ती दोन्हीकडून चालवून बघा. तिच्या स्वतःच्या बटणानं हलत नाही, पण ड्रायव्हरकडून हलते, तर मोटर चांगली आहे. दोष त्या दारातल्या बटणात आहे.

दोन्हीकडून हलत नसेल, तर दाराला कान लावा आणि बटण दाबा. आत मोटर घरघरते, पण काच जागची हलत नाही? मग रहाट फिरतोय आणि दोर तुटलाय, किंवा क्लिप तुटली आहे. मोटरीला हात लावायचं कारण नाही. काच कुईकुई करत, थांबत थांबत वर जात असेल, तर बहुधा रबराच्या खाचेत धूळ बसलेली असते. ओल्या फडक्यानं खाच पुसून काढा. मग सिलिकॉनचा फवारा मिळतो, तो मारा. खाचेत ग्रीस किंवा तेल घालू नका. तेलाला धूळ चिकटते आणि आत चिखल होतो.

आवाजच येत नसेल, तर आणखी एक युक्ती आहे. रात्री इंजिन बंद ठेवून चावी फिरवा, छताचा दिवा लावा आणि काचेचं बटण दाबा. दिवा जरासा मंद झाला, तर वीज मोटरीपर्यंत पोचते आहे, पण मोटर अडकली आहे. दिवा जसाच्या तसा राहिला, तर वीज पोचत नाही असं समजावं. मग फ्यूज, बटण किंवा तार बघायची. बिजागरीपाशी तार वर्षानुवर्षं वाकून वाकून आतल्या आत तुटते. दार थोडं पुढंमागं केल्यावर काच मधूनच हलू लागली, तर दोष तिथंच.

फ्यूजची गोष्ट जरा नीट ऐका. आपलं वाचायला शिकणं इथं कामाला येतं. फ्यूजच्या पेटीच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात कोणता फ्यूज कशाचा, याची चित्रं आणि आकडे असतात. फ्यूजवरही आकडा असतो. १० चा बहुधा तांबडा, १५ चा निळा, २० चा पिवळा, ३० चा हिरवा. चावी बंद करून फ्यूज काढा आणि उजेडात धरा. आतली तार तुटलेली दिसली की तो गेला. दोन कप चहाच्या किमतीची ही वस्तू. मात्र जुन्यावर जो आकडा, तोच नव्यावर पाहिजे. शेतातल्या पंपाच्या पेटीत जाड तार घालणारे महाभाग आपण पाहिले आहेत. फ्यूजचा जीव वाचतो आणि पंप जळतो. गाडीत तर तार तापून आगच लागायची. नवा फ्यूजही लगेच उडाला, तर पुन्हा घालत बसू नका. आत कुठं तरी तार उघडी पडली आहे.

काच बिघडली तर बिघडली, असं म्हणून चालत नाही. मोटर लहान असली, तरी तिचा जोर लहान पोराच्या मानेला भारी आहे. काही गाड्यांत अडथळा लागला की काच आपण होऊन खाली येते. पण सगळ्या गाड्यांत, सगळ्या काचांना ही सोय नसते. म्हणून काच वर घेण्याआधी मागं वळून पाहावं आणि पोरं गाडीत असताना चावी आत ठेवू नये.

दुसरं भय पाण्याचं. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझ इथं एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. रस्त्यात गाड्या अडकल्या आणि बंद गाड्यांत काही माणसं गुदमरून गेली. आपल्याकडे फरशी पुलावरून पाणी जात असताना गाडी घालणारे कमी नाहीत. तशी ती घालूच नये. पण गाडी पाण्यात सापडलीच, तर आधी पट्टा सोडा आणि वीज आहे तोवर काच खाली घ्या. बाहेरच्या पाण्याच्या दाबानं दार उघडत नाही. काच फोडायची हातोडी मिळते. ती गाडीत हाताशी ठेवावी आणि बाजूच्या काचेला मधोमध नव्हे, कोपऱ्यात मारावी. समोरची काच दोन थरांची असते, ती तशी फुटत नाही. काही गाड्यांच्या दारांनाही तसलीच काच असते. ते आजच चौकशी करून ठेवावं.

आता गॅरेजात. "काच बघा हो," असं म्हणू नका. "मोटरीचा आवाज येतो, काच हलत नाही," असं सांगा. नुसती क्लिप मिळते, की दोर, की पूर्ण मशीनच घ्यावं लागेल, ते विचारा. काही गाड्यांचं सुटं सामान मिळतच नाही. तिथं मिस्त्रीचा इलाज नसतो. सामान किती आणि मजुरी किती, हे काम सुरू होण्याआधी वेगवेगळं लिहून घ्या आणि वाचा. काढलेला जुना भाग परत मागा. बॅटरीची तार काढली असेल, तर आपोआप वर जाणारी काच नंतर कधी कधी अर्ध्यावर थांबते. ती पुन्हा सुरळीत कशी करायची, ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं.

दाराचं आतलं आवरण निघालं की मागं एक प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला दिसेल. घाईत तो फाडतात आणि तसाच सोडतात. पावसाचं पाणी काचेवरून दारात उतरतंच. ते खालच्या भोकांतून बाहेर जावं म्हणून हा कागद असतो. तो फाटला तर पाणी गाडीत येतं आणि पायाखालची बैठक कुजते. कागद परत नीट चिकटवून घ्या. पैसे देण्याआधी काच चार वेळा खालीवर करा. मग ती बंद करून बाहेरून तांब्याभर पाणी ओता. दाराखालून धार पडली आणि आतून हात कोरडा राहिला, तर काम ठीक झालं.