दंतवैद्यांची पाठदुखी : कारणे व प्रतिबंध

दाढदुखीने हैराण झालेला रुग्ण दंतवैद्याच्या खुर्चीत बसतो, तेव्हा त्याचे सारे लक्ष स्वतःच्या वेदनेकडे असते. आपल्यावर वाकलेल्या वैद्यालाही मान, खांदे वा कंबर यांची पीडा असू शकेल, हे सहसा त्याच्या ध्यानी येत नाही. वस्तुतः हे दुखणे या व्यवसायात जगभर आढळते. ते विकोपास गेल्यास अनुभवी वैद्यास काम कमी करावे लागते. ज्या गावास एकच दंतवैद्य आहे, तेथे ही हानी साऱ्या गावाची ठरते.

तोंडाची पोकळी लहान व काळोखी असते. मागची दाढ दिसावी म्हणून वैद्य मान झुकवितो, कंबरेत वळतो आणि हात अधांतरी धरतो. डोक्याचे वजन सुमारे ५ किलो असते. मान जितकी पुढे झुकते, तितका तिच्यावरील भार वाढतो. एकाच स्थितीत ताणलेल्या स्नायूंचा रक्तपुरवठा मंदावतो व ते दुखू लागतात. पूर्वी दंतवैद्य उभ्याने काम करीत. पुढे रुग्णास आडवे करणारी खुर्ची आली व वैद्य बसू लागला. तथापि चुकीच्या बैठकीमुळे दुखणे कायम राहिले.

प्रतिबंधाचे उपाय साधे आहेत :

१. स्टुलाची उंची अशी असावी की पावले जमिनीवर पूर्ण टेकतील व मांड्या गुडघ्यांकडे किंचित उतरत्या राहतील.

२. रुग्णाचे तोंड वैद्याच्या कोपराच्या उंचीवर असावे. वरच्या दातांसाठी रुग्णास पूर्ण आडवे करून हनुवटी वर घ्यावी.

३. स्वतः वळण्याऐवजी रुग्णास मान वळविण्यास सांगावे; आरसा, योग्य प्रकाश व मापाचे भिंग वापरावे.

४. हत्यारे हलकी, जाड मुठीची व धारदार असावीत. बोथट हत्याराने कीट काढताना मनगटावर जास्त जोर पडतो.

५. दोन रुग्णांमध्ये मिनिटभर उठून खांदे मागे फिरवावेत व पाठ हळूच मागे ताणावी. नित्य चालणे व पोटापाठीचा व्यायामही आवश्यक होय.

दुखणे सुरू झाल्यास विश्रांती व शेक यांनी आराम पडतो. वेदनाशामक गोळ्या रोज घेत राहणे हा मात्र उपचार नव्हे. बोटांना मुंग्या येणे, हात बधिर होणे वा पकड सैल पडणे ही मज्जातंतू दबल्याची लक्षणे असू शकतात. अशा वेळी तज्ज्ञांस विनाविलंब दाखवावे.

बैठकीची सवय शिक्षणकाळातच जडते. गोव्यात १९८० पासून दंत महाविद्यालय आहे. अशा संस्थांतील विद्यार्थ्यांनी दात तासण्याबरोबरच ताठ बसण्याचेही शिक्षण घ्यावे, हे इष्ट. रुग्णांनीही सहकार्य करावे. वैद्याने आडवे होण्यास वा मान वळविण्यास सांगितल्यास संकोच करू नये. त्यात उभयतांचे हित आहे.