स्वावलंबन आणि मित्रांचें साहाय्य

आपलें काम आपण करावें हा धडा आपणांस लहानपणींच मिळतो. परस्परांस साह्य करावें हाहि मिळतो. हे दोन धडे परस्परविरोधी आहेत काय? जे. के. रोलिंग या ब्रिटिश लेखिकेच्या हॅरी पॉटरच्या कथेवरून याचा विचार करूं. १९९७ ते २००७ या काळांत तिचे सात भाग प्रसिद्ध झाले. जादूच्या शाळेंत शिकणारा एक पोरका मुलगा कसा वाढत जातो, हें त्यांत सांगितलें आहे.

पहिल्या भागाच्या शेवटीं परिसाच्या रक्षणासाठीं हॅरी, रॉन व हर्मायनी हे तिघे निघतात. बुद्धिबळाच्या प्रचंड पटावर रॉन स्वतःचा बळी देऊन वाट मोकळी करितो. औषधांच्या बाटल्यांचें कोडें हर्मायनी सोडविते. परंतु पुढें नेणारें औषध एकासच पुरेल इतकें असतें. मित्रांनीं हॅरीस दारापर्यंत पोंचविलें. उंबरठा मात्र त्यास एकट्यासच ओलांडावा लागला.

चौथ्या भागांत (२०००) दोन प्रकारचें साह्य दिसतें. स्पर्धेच्या पहिल्या कसोटीपूर्वीं दूरची वस्तु बोलावून घेण्याचा मंत्र हॅरीस साधत नव्हता. हर्मायनीनें मध्यरात्र उलटेपर्यंत तो त्याजकडून घोटवून घेतला. दुसऱ्या दिवशीं आग ओकणाऱ्या ड्रॅगनसमोर तो एकटाच उभा होता. पण मंत्र आतां त्याचा स्वतःचा झाला होता. दुसऱ्या कसोटीच्या वेळीं उलट घडलें. कोडें बहुतेक उलगडलें आहे, असें त्यानें हर्मायनीस खोटेंच सांगितलें व दिवस दवडले. अखेर ऐन वेळीं शाळेंतील डॉबी नांवाच्या सेवकानें पाण्याखालीं श्वास घेतां येईल अशी वनस्पति आणून दिली, म्हणून निभाव लागला.

यावरून काय दिसतें? अडचण लपविणें हें स्वावलंबन नव्हे, तो अभिमान होय; आणि अशा अभिमानाची अखेर परावलंबनांतच होते. उलट, जें साह्य घेतल्यानें पुढच्या वेळीं त्याची गरज उरत नाहीं, तें घेण्यांत कमीपणा नाहीं.

सातव्या भागांत हॅरी मृत्यूस सामोरा जाण्यासाठीं अरण्यांत एकटाच जातो. परंतु जातांना शत्रूचा सर्प मारण्याचें राहिलेलें काम तो नेव्हिलच्या कानावर घालतो. आणि पहिल्या वर्षीं सर्वांच्या थट्टेचा विषय असलेला हाच मुलगा तें तडीस नेतो. एकटें जाणें म्हणजे इतरांवरील विश्वास सोडणें नव्हे.

म्हणून, मित्राकडून गणित समजून घेतल्यावर वही मिटावी व तेंच उदाहरण स्वतः करून पाहावें. सुटलें तर तें साह्य सार्थकीं लागलें. न सुटलें तर पुन्हां विचारण्यास लाजूं नये. पालकांनींहि 'हें तूं एकट्यानें केलेंस काय?' असें विचारण्यापेक्षां 'आतां हें तुला एकट्यास येतें काय?' असें विचारावें. पहिल्या प्रश्नानें मूल अडचण लपविण्यास शिकतें, दुसऱ्यानें ती दूर करण्यास.