रीइश्यू घ्यावा की न घ्यावा: भाचीसाठी कानमंत्र

भाचीबाई,

तुम्हा रेकॉर्डवाल्यांचे वाद माझ्या कानावर येत असतात. जुन्या रेकॉर्डचा नवा रीइश्यू जाहीर झाला की अर्धी मंडळी म्हणतात पैसे पाण्यात, आणि उरलेली म्हणतात आत्ता नाही घेतला तर जन्मात मिळणार नाही. दोघांचंही ऐकून घे, पाकीट मात्र लगेच उघडू नकोस. आधी हे वाच.

१. स्थळ सांगून आलं की आधी घराणं विचारतात, तसं रीइश्यूचंही विचार: मूळ टेपवरून कापला की डिजिटल फाइलवरून, लॅकर (खाच आधी जिच्यावर कापतात ती तबकडी) कोणी कापलं, दाबला कुठे — जिने खर्च करून टेप बाहेर काढली ती कंपनी हे आपणहून, ठळक छापते.

२. नाव तेच म्हणून माल तोच समजू नकोस — बीटल्सचे स्टीरिओ एलपी २०१२ मध्ये डिजिटल फाइलींवरून निघाले, आणि २०१४ चे मोनो एलपी ॲबी रोडमध्ये थेट ॲनालॉग टेपांवरून कापले गेले. बँड तोच, गाणी तीच, पण संग्राहक आजही मोनोच्या मागे धावतात, आणि मला ते धावणं पटतं.

३. ‘१८० ग्रॅम’च्या स्टिकरवर जीव टाकू नकोस — आवाज खाचेत असतो, वजनात नसतो, सत्तरच्या दशकातले कितीतरी सुरेख एलपी याहून हलके होते. स्टिकर बोलतं, सुई सांगते.

४. लेबलाभोवतीची गुळगुळीत कड दिव्याखाली तिरकी धर आणि वाच — छापील आकड्यांशेजारी हाताने कोरलेली बारीक अक्षरं दिसतील, ती कापणाऱ्याची सही असते. ‘आरव्हीजी’ म्हणजे रुडी व्हॅन गेल्डर, ‘केपीजी’ म्हणजे केविन ग्रे. लेड झेपेलिनच्या दुसऱ्या अल्बमच्या १९६९ च्या पहिल्या अमेरिकी प्रतींवर ‘आरएल’ असतं, म्हणजे रॉबर्ट लुडविग. त्याचा कट इतका दमदार होता की स्वस्त प्लेअरवर सुई उडायची, म्हणून कंपनीने तो बदलला. आता तीच दोन अक्षरं असली की किंमत कितीतरी पट होते. कव्हर हुबेहूब सारखं असतं, तेव्हा विकत घेताना कव्हर नव्हे, कड बघायची.

५. पहिली प्रत म्हणजे सर्वांत खरी, असं धरून चालू नकोस — माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’ १९५९ मध्ये न्यू यॉर्कला ध्वनिमुद्रित झाला, तेव्हा पहिल्या बाजूच्या वेळी टेपयंत्र किंचित हळू चालत होतं. त्यामुळे रेकॉर्डवर ती बाजू किंचित चढ्या सुरात वाजते, आणि तीस वर्षांहून जास्त काळ जगाने ती तशीच ऐकली. नव्वदच्या दशकातल्या रीइश्यूंनी दुसऱ्या यंत्रावरची टेप वापरून सूर जागेवर आणला. ज्याला इतिहास हातात धरायचा त्याने पहिली प्रत घ्यावी, त्याच्याशी वाद घालू नकोस. तुला तो बँड त्या दिवशी जसा वाजला तसा ऐकायचा असेल, तर नवी घे. थोरली ती मानाची, शहाणी कोणतीही असू शकते.

६. घराणं विचारलंस, आता कानही वापर — २०२२ च्या जुलैत ॲरिझोनाच्या एका रेकॉर्ड-दुकानदाराने मोबाइल फिडेलिटी कंपनीच्या महागड्या रीइश्यूंमध्ये मध्येच डिजिटल पायरी आहे हे उघड केलं. त्या रेकॉर्डी ॲनालॉग म्हणून घेतलेल्यांना फसवल्यासारखं वाटलं, प्रकरण कोर्टात गेलं, अडीच कोटी डॉलरची तडजोड झाली. चीड रास्तच होती, कारण ग्राहकाला खरं सांगायलाच हवं. पण आदल्या दिवशीपर्यंत त्याच रेकॉर्डींची जे वाहवा करत होते, त्यांच्या घरात दुसऱ्या दिवशी आवाज बदललेला नव्हता. हे दोन प्रश्न वेगवेगळे ठेव: मला खरं सांगितलं का, आणि मला आवडलं का.

७. जुन्या जॅझची स्वस्त युरोपी प्रत दिसली तर कंपनीचं नाव बघ — १९६२ पर्यंत प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणांचे हक्क तिकडे संपलेत, त्यामुळे कोणीही कायद्याने छापू शकतं, पण मूळ टेप त्यांच्याकडे नसते आणि बऱ्याचदा सीडीवरून काम भागवलेलं असतं. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क ६० वर्षांचा आहे, तेव्हा जुन्या हिंदी गाण्यांबाबतही हीच नजर ठेव.

८. एका बाजूवर किती मिनिटं आहेत ते मोज — वीस-बावीसच्या पुढे गेलं की खाचा अरुंद होतात, आवाज खाली जातो आणि खरखर वर येते. सत्तर मिनिटांचा नवा अल्बम एकाच एलपीत कोंबला असेल तर सोडून दे, दोन एलपींचा येईपर्यंत थांब.

९. पिक्चर डिस्क भिंतीसाठी घे, ऐकायला साधी काळी घे — चित्रावरच्या पातळ थरात खाच कोरलेली असते, खरखर जास्त येते.

१०. मोठ्या गायकाच्या येणाऱ्या अल्बमची प्रीऑर्डर घाईने करू नकोस — तो हजारोंनी दाबला जातो, पुन्हाही दाबला जातो. आधी मोबाइलवर सबंध ऐक, दुसऱ्यांदा लावावासा वाटला तरच घे. टेलर स्विफ्टचा ‘मिडनाइट्स’ २०२२ मध्ये चार वेगळ्या कव्हरांत आला, चारही कव्हरांच्या मागच्या बाजू जोडल्या की घड्याळ होतं. हौस असेल तर जरूर घे, पण गाण्यांसाठी एक पुरे, हे स्वतःशी स्पष्ट ठेव.

११. छोट्या कलाकाराचं मात्र उलट, तिथे पहिल्या दिवशी पैसे भर — कारखाना थोडक्या प्रती दाबून देत नाही, आणि ती किमान संख्या गाठायचे पैसे तुमच्यासारख्यांच्या आगाऊ मागणीतूनच उभे राहतात. उशीर झाला तर त्यांच्यावर चिडू नकोस. २०२० मध्ये कॅलिफोर्नियातला अपोलो मास्टर्सचा कारखाना जळाला, तेव्हा जगात लॅकर बनवणारे दोनच उरले होते आणि त्यातला तो एक होता.

१२. ‘लिमिटेड’ शब्दापुढे एक रात्र झोप काढ — रेकॉर्ड स्टोअर डे, म्हणजे दुकानांतून मोजक्या प्रतींच्या रेकॉर्डी निघतात तो दिवस, २००८ पासून होतो आहे, आणि त्या दिवशी हिसकाहिसकी झालेल्या कितीतरी रेकॉर्डी काही महिन्यांनी गुपचूप खालच्या भावात मिळतात. घाईचा भाव कायम चढा.

१३. डिस्कॉग्ज या संकेतस्थळावर मागितलेली किंमत पाहू नकोस, खरोखर विकली गेलेली पाहा — मागायला कोणाचं काय जातं!

१४. ‘व्हीजी’चा अर्थ ‘फार चांगली’ असा घेऊ नकोस — संग्राहकांच्या भाषेत त्या दर्ज्याची रेकॉर्ड हळुवार जागी कुरकुरते. आलापी ऐकायची असेल तर ‘व्हीजी प्लस’च्या खाली उतरू नकोस, ढोल-ताशा असेल तर चालून जाईल.

१५. परदेशातून मागवताना टपालखर्च आणि कस्टम ड्यूटी आधी जोड — कित्येकदा दोन रेकॉर्डींच्या पैशांत एकच हाती पडते.

१६. चोर बाजारात भावाची गोष्ट काढण्याआधी रेकॉर्ड कव्हरातून काढून उन्हात धर — लेबलावर भोकाभोवती सुईच्या रेघांसारखे पांढुरके ओरखडे दिसले तर ती शेकडो वेळा लागलेली आहे, वर कितीही चकचकीत दिसो. एचएमव्हीच्या जुन्या एलपींवर क्रमांकही बघ: ‘ईसीएलपी’, ‘ईएएलपी’ मोनो, ‘ईसीएसडी’, ‘ईएएसडी’ स्टीरिओ. पन्नासच्या दशकातलं गाणं स्टीरिओ म्हणून विकत असेल तर बहुतेक ते मोनोला मागाहून ताणून केलेलं असतं, आणि मला त्यापेक्षा साधा मोनोच गोड लागतो.

१७. अठ्ठ्याहत्तरच्या तबकडीला एलपीची सुई लावू नकोस आणि ती अल्कोहोलने पुसू नकोस — तिची खाच कितीतरी रुंद असते, आणि ती लाखेची असते, लाख अल्कोहोलमध्ये विरघळते.

१८. हातातल्या दुर्मिळ रेकॉर्डचा रीइश्यू आला की भाव पडला म्हणून हळहळू नकोस. हे मी जरा सविस्तर सांगते. चरणजीत सिंग हे मुंबईच्या चित्रपटसृष्टीतले वादक. १९८२ मध्ये त्यांनी रोलंड कंपनीची तेव्हा नवी यंत्रं, टीबी-३०३ आणि टीआर-८०८, घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले, आणि एचएमव्हीने तो एलपी काढला. तो खपला नाही. शिकागोचं ॲसिड हाउस संगीत याच टीबी-३०३ वर घडलं, तेही काही वर्षांनी. पुढे एडो बौमन या डच संग्राहकाला दिल्लीत ती रेकॉर्ड सापडली आणि २०१० मध्ये त्यांनी ती आपल्या बॉम्बे कनेक्शन या लेबलवर पुन्हा काढली. सत्तरी ओलांडलेले चरणजीत मग परदेशांतल्या मंचांवर तेच राग वाजवायला गेले. २०१५ मध्ये मुंबईत ते वारले. मूळ प्रत कोणाच्या कपाटात कितीही महाग पडून राहिली असती, त्या माणसाला ती एक कार्यक्रमही मिळवून देऊ शकली नसती. रीइश्यूचं मोल मी असं मोजते — कलाकार हयात असताना तो ऐकला गेला का, आणि त्याच्या वा त्याच्या घरच्यांच्या हाती काही पडलं का.

१९. म्हणूनच रीइश्यू घेताना कंपनीने हक्क रीतसर घेतलेत का ते पाहा — दहा टक्के महाग पडलं तरी चालेल, घे. कपाटातल्या महाग आणि मुक्या मूळ प्रतीपेक्षा रास्त आणि गाणारी बरी.

२०. पावसाळ्यात रेकॉर्डी उभ्या ठेव, बाहेरच्या भिंतीपासून हातभर दूर, आणि जुनी चिकट प्लॅस्टिकची पाकिटं काढून टाक — आडव्या थप्पीत त्या वाकतात, भिंतीची ओल कव्हरात शिरते, आणि तसलं प्लॅस्टिक खाचांवर धुरकट डाग सोडतं.

२१. घेतलेल्या प्रत्येक रेकॉर्डच्या कव्हरात एक चिठ्ठी ठेव: कुठून, केव्हा, कितीला, आणि कडेवर कोरलेलं अक्षरशः तसंच उतरवून — पुढचा वाद झाला की आठवणीवर बोलावं लागत नाही. मुंबईत १९९० पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सच्या मंडळींनी अशाच नोंदी जमवत आपल्या जुन्या तबकड्यांचा इतिहास उभा केला. तू या रविवारी पहिल्या कप्प्यापासून सुरुवात कर, पेन्सिलने लिही. शाई ओलीने पसरते.