रुसलेले उपकरण

संगणकाला कळफलक, माऊस, कॅमेरा, मुद्रणयंत्र अशी नाना उपकरणे जोडावी लागतात. पूर्वी बहुतेक उपकरणांची तार निराळी असे आणि ती जोडावयाची खाचही निराळी असे. ही गैरसोय दूर करण्यासाठी सात कंपन्या एकत्र आल्या व १९९६ साली त्यांनी एक सामाईक पद्धती जाहीर केली. ‘युनिव्हर्सल सीरियल बस’ हे तिचे नाव. त्यातील आद्याक्षरे घेऊन आपण तिला यूएसबी म्हणतो. ही पद्धती घडविण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, ते अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी होत.

तार खाचेत बसविली, की उपकरण लगेच काम करू लागते, असे आपणांस वाटते. प्रत्यक्षात तेवढ्या क्षणभरात बरेच काही घडून जाते. नव्या पाहुण्याचे आपण नाव-गाव विचारतो ना? तसेच संगणक उपकरणाला विचारतो, “तू कोणाचे? तुझी जात कोणती? तुला वीज किती लागेल?” नव्या उपकरणाचा क्रमांक आरंभी शून्य असतो. ओळख पटू लागली, म्हणजे संगणक त्याला १ ते १२७ यांपैकी एक क्रमांक देतो. मग त्या उपकरणाची भाषा जाणणारा ड्रायव्हर नावाचा कार्यक्रम त्याच्याशी बोलू लागतो.

हे संभाषण कधीकधी मध्येच तुटते. वीज क्षणभर कमी-अधिक होते, एखादा संदेश अर्धवट पोहोचतो, किंवा उपकरणातील कार्यक्रमच अडखळतो. मग संगणक उत्तराची वाट पाहत राहतो आणि उपकरण पुढच्या प्रश्नाची. उपकरणाचा दिवा तर पेटलेला असतो, पण काम मात्र बंद! अशा वेळी आपण तार उपसतो व पुन्हा बसवितो. उपकरण जवळ असेल, तर हा उपाय सोपा आहे. पण ते दूर असेल तर?

समजा, एका उंच डोंगरावर पर्जन्यमापक बसविला आहे. तो यूएसबीने एका लहान संगणकाला जोडलेला आहे. संगणक दर तासाला पावसाची नोंद करतो व ती पायथ्याच्या गावी पाठवितो. ती नोंद पाहून नदीकाठच्या लोकांना सावध करावयाचे असते. एके रात्री मुसळधार पाऊस कोसळत असता नोंदी येणे थांबते. घाटात दरड पडल्यामुळे वर जाण्याचा रस्ता बंद. संगणकच बंद करून पुन्हा सुरू करावा म्हटले, तर त्यावरील इतर कामे थांबतील, आणि तो सुरूच झाला नाही तर सारेच संपले. नेमका त्याच रात्री पाऊस मोजला जाणे अगत्याचे!

सुदैवाने त्या संगणकापर्यंत दूरसंचाराचा मार्ग शाबूत आहे, आणि त्यावर लिनक्स ही प्रणाली चालते. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टॉरव्हल्ड्स या विद्यार्थ्याने तिचा आरंभ केला. तिच्यात चित्रांवर बोट न ठेवता, शब्द टंकून संगणकाला आज्ञा देता येते. आज्ञा टंकण्याच्या या जागेला कमांड लाइन म्हणतात. पायथ्याशी बसलेला जाणकार आता क्रमाने पावले टाकतो.

प्रथम तो नोंदी घेणारा कार्यक्रम थांबवितो. कारण उपकरण हाती धरून बसलेला कार्यक्रम मध्येच गोंधळून जाण्याचा संभव असतो. नंतर ‘एल-एस-यू-एस-बी’ या पाच अक्षरांची आज्ञा देऊन तो जोडलेल्या उपकरणांची यादी मागवितो. यादीत प्रत्येकाच्या मार्गाचा क्रमांक, उपकरणाचा क्रमांक व बहुधा नावही असते. आपला पर्जन्यमापक पहिल्या मार्गावरील चौथा आहे, हे तो दोनदा पडताळून पाहतो. मग ‘यूएसबी-रिसेट’ ही आज्ञा देऊन तिच्यापुढे ००१/००४ हा पत्ता लिहितो. ही आज्ञा देण्यास बहुधा संगणकाच्या व्यवस्थापकाचा अधिकार लागतो. वाटेल त्याने वाटेल ते उपकरण थांबवू नये, म्हणून ही व्यवस्था आहे.

आज्ञा मिळताच संगणक त्या एकाच उपकरणाला खूण करतो. यूएसबीच्या पहिल्या दोन आवृत्त्यांत संदेश नेणाऱ्या दोन्ही तारांवरील विद्युत्-दाब निदान १० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा शंभरावा भाग, खाली ठेवला जातो. ही खूण ओळखून उपकरण आपला जुना क्रमांक विसरते व पुन्हा शून्यावर येते. संगणक नव्याने त्याची ओळख करून घेतो व त्याला पूर्वीचाच क्रमांक देतो. हे सारे घडले की नाही, ते लिनक्सच्या रोजनिशीत पाहता येते. ती ‘डी-मेसेज’ या आज्ञेने उघडते. शेवटी जाणकार नोंदींचा कार्यक्रम सुरू करतो, आणि पावसाचे आकडे पुन्हा येऊ लागतात.

या उपायाला मर्यादाही आहेत. यात उपकरणाची वीज तोडली जात नाही. म्हणून जे आतूनच पार गोठले आहे, ते या खुणेलाही दाद देत नाही. त्याची वीजच काढून पुन्हा द्यावी लागते. शिवाय माहिती साठविणाऱ्या पेनड्राइव्हवर लेखन चालू असता ही आज्ञा देऊ नये. अर्धवट लिहिलेली माहिती त्यामुळे नष्ट होऊ शकते. आधी तो रीतसर मोकळा करावा. पत्त्यातील एक अंक चुकला, तर पर्जन्यमापकाऐवजी संदेश नेणारे उपकरणच थांबेल, आणि डोंगरावरील संगणकाशी उरलेला एकमेव दुवाही तुटेल!

म्हणून, मुलांनो, यंत्र अडले की घाईने सारे बंद करण्याआधी नेमके काय अडले आहे, ते शोधावे. योग्य जागी दिलेली एक लहानशी आज्ञा पुष्कळदा पुरेशी होते.

स्वाध्याय

१. उपकरण जोडताच संगणक त्याला कोणते प्रश्न विचारतो?
२. डोंगरावरील संगणक बंद करून पुन्हा सुरू करणे धोक्याचे का होते?
३. जाणकाराने टाकलेली पावले क्रमाने लिहा.
४. उपकरणाचा पत्ता दोनदा पडताळून पाहणे का आवश्यक आहे?
५. ‘दाद देणे’, ‘हाती धरून बसणे’ यांचा वाक्यांत उपयोग करा.