कच्चे बीज म्हणजे वांझपण नव्हे

लग्नाला चार-पाच वर्षे होऊनही घरात पाळणा हलला नाही, की आपल्याकडे पहिले बोट सुनेकडेच वळते. वास्तविक मूल न होण्याचे कारण पुरुषातही असू शकते. स्त्रीच्या बाजूने अडचण असली तरी पुष्कळदा तिची बीजे नष्ट झालेली नसतात, ती फक्त पिकत नसतात. विज्ञानाने यावर कोणता मार्ग शोधला, हे आपण समजावून घेऊ.

मुलगी जन्मते तेव्हाच तिच्या बीजकोशांत सुमारे १० ते २० लाख कच्ची स्त्रीबीजे असतात. वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात आणि आयुष्यभरात जेमतेम ४०० पिकून बाहेर पडतात. दरमहा मेंदूखालील ग्रंथीतून संप्रेरकाची लाट येते. तेव्हा बीज जागे होते, आपली निम्मी गुणसूत्रे एका बारीक गोळीत बाहेर टाकते आणि २३ गुणसूत्रे राखून शुक्रजंतूची वाट पाहते. यालाच बीज पिकणे म्हणतात. पीसीओएस या विकारात बीजकोशात लहान लहान पुटिका पुष्कळ असतात, परंतु त्यांतील एकही नीट वाढत नाही. त्यामुळे पाळी अनियमित होते व दिवस राहत नाहीत.

नेहमीच्या टेस्ट ट्यूब बेबी उपचारात आठ-दहा दिवस इंजेक्शने देऊन अनेक बीजे शरीरातच पिकवतात. पीसीओएस असलेल्या स्त्रीचे बीजकोश त्यामुळे कधी प्रमाणाबाहेर सुजतात, पोटात पाणी साठते व क्वचित जिवावरही बेतते. म्हणून शास्त्रज्ञांनी उलट विचार केला : बीज कच्चेच बाहेर काढावे व प्रयोगशाळेत पिकवावे. या पद्धतीस इन व्हिट्रो मॅच्युरेशन, अर्थात आयव्हीएम म्हणतात. सोनोग्राफीत पाहून सुईने बीजे काढतात. ती पोषक द्रवात, शरीराइतक्या उष्णतेच्या इन्क्युबेटरमध्ये, एक-दोन दिवस ठेवतात. जी पिकतात त्यांत शुक्रजंतू सोडून गर्भ तयार करतात. इंजेक्शने अगदी थोडी लागतात किंवा लागतच नाहीत. कर्करोगाचा उपचार तातडीने सुरू करायचा असलेल्या स्त्रीचे बीज राखून ठेवण्यासही ही पद्धत उपयोगी पडते.

हा शोध एका दिवसात लागला नाही. १९३५ मध्ये पिंकस यांनी सशाची बीजे शरीराबाहेर पिकवली. १९६५ मध्ये रॉबर्ट एडवर्ड्‌स यांनी मानवी बीज सुमारे ३६ तासांत पिकते हे दाखवले. याच अभ्यासाच्या वाटेने पुढे १९७८ मध्ये इंग्लंडात पहिली टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. आपल्या मुंबईत, परळच्या के.ई.एम. रुग्णालयात, ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून हर्षाचा जन्म झाला. भारतातील शास्त्रीय पुराव्यानिशी नोंदलेली ती पहिली टेस्ट ट्यूब बेबी होय, आणि तो जन्म महापालिकेच्या रुग्णालयात झाला, हे विशेष. प्रयोगशाळेत पिकवलेल्या बीजापासून गर्भधारणा झाल्याचे १९९१ मध्ये दक्षिण कोरियातून जाहीर झाले. १९९४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ट्राउन्सन यांनी पीसीओएसच्या रुग्णांसाठी हा मार्ग खुला केला.

तथापि ही जादूची कांडी नव्हे. बाहेर काढलेले प्रत्येक बीज पिकत नाही, आणि यशाचे प्रमाण नेहमीच्या पद्धतीपेक्षा सहसा कमीच असते. बँकेच्या काउंटरवर आम्ही रोज पाहतो, औषधोपचारासाठी माणसे मुदतठेव मोडतात, दागिने तारण ठेवतात. म्हणून पैसे भरण्याआधी चार प्रश्न जरूर विचारावेत. दोघांचीही तपासणी झाली आहे काय? साध्या गोळ्यांनी बीज पिकेल काय? या केंद्रात आयव्हीएमने किती स्त्रियांना मूल झाले? एकूण खर्च किती? २०२१ च्या कायद्यान्वये अशा प्रत्येक केंद्राची नोंदणी सक्तीची आहे व जोडप्याची लेखी संमती आवश्यक आहे. नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच कसला?

आमच्या खांदा कॉलनीतील इमारतींतून आणि गावाकडच्या घरांतूनही अशा कितीतरी भगिनी मुकाट्याने बोलणी सोसत असतील. त्यांना नवससायास, गंडेदोरे सांगण्यापेक्षा पतीनेच प्रथम म्हणावे, "चल, आपण दोघेही तपासून घेऊ." उपचाराला यश येवो अथवा न येवो, तिच्या माथ्यावरचा दोष तेथेच उतरेल.