मोटारसायकलच्या जनित्राचा बिघडलेला घूर्णक

म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून तयार झालेल्या मोटारसायकली, कारखाना १९९६ मध्ये बंद पडल्यावरही, बेंगळूरमध्ये अनेकांनी जतन केल्या आहेत. दरवर्षी जुलैच्या दुसऱ्या रविवारी तेथे त्यांचा मेळावा भरतो. जुन्या २५० घन सें.मी.च्या जावात ठिणगीसाठी लागणारी वीजही बॅटरीतूनच येते. म्हणून जनित्र बिघडले की केवळ दिवा मंदावत नाही. बॅटरी रिती होताच इंजिनही थांबते. रात्री, दिवा लावून जाणाऱ्यावर हा प्रसंग फार लवकर ओढवतो.

आजच्या बहुतेक मोटारसायकलींत चुंबके फिरतात व तारांची वेटोळी स्थिर असतात. जावात याच्या उलट रचना आहे. विद्युत्-चुंबके स्थिर असून क्रँकशाफ्टच्या टोकावरील घूर्णक, म्हणजेच आर्मेचर, त्यांच्यामध्ये फिरतो. त्याच्या वेटोळ्यांत निर्माण झालेली वीज तांब्याच्या पट्ट्यांचा कॉम्युटेटर व कार्बनचे ब्रश यांच्याद्वारे बाहेर येते. तांबडा दिवा बॅटरी व जनित्र यांच्यामध्ये जोडलेला असतो. दोहोंचा विद्युत्-दाब सारखा झाला की त्यातून प्रवाह वाहत नाही व तो विझतो. इंजिन वेगाने चालत असताही तो पेटलेला राहिला, तर जनित्र काम करीत नाही असे समजावे. अशा वेळी पुष्कळ लोक नवी बॅटरी आणतात. तीही काही दिवसांत रिती होते.

प्रथम दोष नियामकात आहे की जनित्रात, हे ठरवावे. नियामक सोडवून क्षेत्र-वेटोळ्याचे मोकळे टोक गाडीच्या सांगाड्याला जोडावे व इंजिन क्षणभर मध्यम वेगाने चालवून दाब मोजावा. तो भराभर वाढला, तर जनित्र निर्दोष असून नियामक तपासावा. दाब जवळजवळ शून्य राहिला, तर ब्रश झिजले किंवा अडकले आहेत काय, हे पाहावे. फार दिवस उभ्या असलेल्या गाडीत चुंबकांच्या लोखंडातील अवशिष्ट चुंबकत्व नाहीसे झालेले असते आणि त्याचा ठपका विनाकारण घूर्णकावर येतो. इंजिन बंद ठेवून क्षेत्र-वेटोळ्यातून बॅटरीचा प्रवाह योग्य दिशेने क्षणभर सोडल्यास ते परत येते.

एवढे करूनही दाब येत नसेल, तर घूर्णक बाहेर काढावा. कॉम्युटेटरच्या एखाद्या पट्टीची कडाच काळी पडून जळलेली दिसल्यास तिला जोडलेले वेटोळे तुटलेले असण्याचा संभव अधिक. बॅटरी व लहान दिवा घेऊन एक टोक पट्टीला व दुसरे दंडाला लावावे. दिवा लागला, तर वेष्टन फुटून तार लोखंडाला टेकली आहे. वेटोळ्यातील फेरे आपसांत चिकटले असल्यास मात्र ही परीक्षा निरुपयोगी ठरते. त्यासाठी कारागीर ग्राउलर नावाचे प्रत्यावर्ती प्रवाहावर चालणारे चुंबक वापरतात. त्यावर घूर्णक ठेवून खाचांवरून करवतीचे पाते फिरवले असता सदोष वेटोळ्याच्या खाचेवर ते थरथरू लागते. पाहण्यास ही परीक्षा मोठी गमतीची आहे.

तार पुन्हा गुंडाळून घेता येते. मात्र पट्ट्यांमधील अभ्रक किंचित खाली खरवडून घ्यावे आणि पृष्ठभाग काचकागदानेच घासावा. कुरुंदाचे कण खाचांत रुततात. नंतर नियामक जोडून इंजिन चालवावे. सहा व्होल्टांच्या बॅटरीच्या टोकांवर सुमारे ७ व्होल्ट दाब मिळाला पाहिजे.